वहीची मागली बाजू

मेस्त्रे आबिलिओंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मेलेल्यांची नावं वाचायला घेतली, तेव्हा नेनिता आपल्या डाव्या पायाचा विचार करत होती. बाक उंच होतं. पाय लटकत राहायचा आणि दहा मिनिटांत मांडीखालून मुंग्या यायच्या. दर रविवारी ती ठरवायची की पुढच्या खेपेला खांबाजवळच्या बुटक्या बाकावर बसायचं, आणि दर रविवारी तिया फेलिस्मिना, तिची घरमालकीण, तिला दंडाला धरून इथेच आणून बसवायची. इथून म्हणे वारा लागतो. वारा कसला, पंखा होता एक, तोही पाद्रींच्या दिशेने तोंड करून बसलेला. नावं चालली होती. मेस्त्रे चर्चमध्ये धर्मशिक्षण द्यायचे, लग्नं-बारशी लिहायचे आणि ही नावंही तेच वाचायचे, सगळी एका सुरात, बाजारात भाज्यांची नावं सांगावीत तशी. जासिंता. लोरेन्सो. लोरेन्सोचा मुलगा. आणि मग त्याच सुरात, "आर्सेनिओ सुमागायसाय, फिलिपीन्सचा," असं म्हणून ते पुढच्या नावाकडे गेले.

नेनिताच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते हे, की सुटले. अगदी हाच शब्द, आणि तोही तिच्या इलोइलोच्या बोलीत, ज्या बोलीत ती गेले आठ महिने फोन सोडला तर कुणाशी बोललीही नव्हती. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं वाटलं. मग तिला आठवलं, की आर्सेनिओ, तिचा नवरा, मेलेला नाही. आर्सेनिओ इलोइलोच्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर पडलेला आहे, उजवा हात आणि उजवा पाय हलत नाहीत, तोंड वाकडं झालंय, पण काल दुपारी त्याने अर्धी वाटी पेज खाल्ली. मुलीने फोटो पाठवला होता पेजेचा. शेजारी बसलेल्या तिया फेलिस्मिनाने मान न वळवता तिच्या हातावर हात ठेवला. तो हात तिने काढला नाही. पुढच्या बाकावरच्या दोघी बायकांनी वळून पाहिलं, डोळ्यांनीच सांत्वन केलं आणि पुन्हा समोर पाहू लागल्या. एवढं सगळं व्हायला तीन नावं वाचून व्हावीत इतका वेळ लागला.

आता उठून ओरडायचं का, की थांबा, हा जिवंत आहे? नेनिताला मिस्सेची, चर्चमधल्या उपासनेची, सवय पन्नास वर्षांची, आणि मिस्सेत मधे बोलायचं नसतं हे तिच्या अंगात मुरलेलं. भाषा कळो न कळो, शरीराला सगळं ठाऊक होतं. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी छातीवर मूठ मारायची. ह्या देशात, दिली शहरात, आल्यावर पहिल्या रविवारी तिला ह्याच गोष्टीचं रडू आलं होतं, की एकही वाक्य धड कळत नाही आणि तरी आपण एकदाही चुकत नाही. चुकली ती फक्त एकदाच. 'आमच्या स्वर्गीय बापा' सुरू झालं तसा तिने घरच्या सवयीने शेजारणीकडे हात पुढे केला. घरी सगळे एकमेकांचे हात धरून ती प्रार्थना म्हणतात. इथे तशी रीत नाही. शेजारणीला वाटलं, हिला पुस्तक हवंय, तिने आपलं गाण्यांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. नेनिताने ते घेतलं, उघडलं आणि उलटं धरून प्रार्थना संपेपर्यंत बघत बसली. ती शेजारीण म्हणजेच तिया फेलिस्मिना. महिन्याभरात नेनिता तिच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायलाही गेली. इथली तेतुम भाषा हळूहळू आली, पण बाळंतिणीच्या खोलीतली. श्वास घे, आता नाही, आता, हं, कितवं मूल, आधीचं कसं झालं. बत्तीस वर्षं इलोइलोच्या नगर आरोग्य खात्यात सुईण म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतर दोन वर्षं इथल्या पोरींना ते काम शिकवायला ती आली होती, बिनपगारी, राहण्याखाण्यापुरतं घेऊन. लोक विचारायचे, का आलात? ती सांगायची, देवाचं काम. ते खरंच होतं. पण घरात बसून करायचं काय, हेही तितकंच खरं होतं.

गोंधळ कुठे झाला ते तिला आता बसल्या बसल्या दिसू लागलं. शनिवारी सकाळी जोरालिनचा, मुलीचा, निरोप आला होता. 'नानाय, तातायला बुधवारी इस्पितळातून घरी सोडणार. त्यांची ती बाई आली नाही, येणारही नाही म्हणते, भावाकडे गेली. माझी रात्रपाळी आहे, घर दोन खोल्यांचं आहे. तू सांग काय करायचं. उद्यापर्यंत सांग, म्हणजे तिकिटाचं बघता येईल.' तू सांग म्हणायचं आणि तिकिटाचंही बोलायचं, ही जोरालिनची लहानपणापासूनची पद्धत. नेनिताने निरोप तीनदा वाचला, प्रसूतिकेंद्रावर गेली, एक बाळंतपण केलं, मुलगी झाली, सव्वातीन किलो, आणि संध्याकाळी परत येताना काय वाटलं कुणास ठाऊक, मिक्रोलेटच्या, इथल्या छोट्या बसच्या, दांडीवर नाणं वाजवून चर्चशी उतरली. मेस्त्रे कचेरीत एकटेच होते. ती म्हणाली, माझ्या नवऱ्यासाठी उद्याच्या मिस्सेत प्रार्थना हवी. नाव सांगितलं. मेस्त्रेंनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "कळलं, माना, कळलं. बसा ना." माना म्हणजे ताई. मग त्यांनी वही पालथी करून मागून उघडली आणि लिहिलं. तिला वाटलं, पुढे जागा नसेल. वही एकच असते आणि पुढून जिवंतांची व मागून मेलेल्यांची नावं लिहीत आणतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, तिया फेलिस्मिनाने कधीतरी सांगितलं होतं. पण त्या घटकेला तिचं लक्ष आपल्याच तोंडातून निघालेल्या शब्दाकडे होतं. माझ्या नवऱ्यासाठी. नऊ वर्षांत तिने हा शब्द तोंडात घेतला नव्हता. इथे कुणी विचारलं की नवरा कुठे असतो, तर ती म्हणायची, नवरा आता नाही. खोटं बोलत नाही असं स्वतःला सांगायची आणि विषय बदलायची.

त्यात कपडे काळे. तिच्याकडे चार काळे ब्लाऊज होते आणि दोन काळ्या पँटी. इलोइलोच्या मॉलमधून निघण्याआधी एकगठ्ठा घेतले होते, मळखाऊ म्हणून, डाग दिसत नाहीत म्हणून, सुईणीच्या कामात त्याला फार महत्त्व. घरीही माणूस गेलं की वर्षभर काळं घालतात, तिच्या आईने बापासाठी घातलं होतं. पण आताशा इलोइलोत बँकेतल्या पोरीसुद्धा रोज काळं घालून जातात, कोण मनावर घेतं. इथे मनावर घेतात. आठ महिने रोज काळ्यात फिरणारी, नवरा आता नाही म्हणणारी, परदेशात येऊन बिनपगारी राबणारी बाई. इथल्या लोकांनी कुणाला काही न विचारता हिशोब जुळवला होता. पपया आणून देणं, मिक्रोलेटमध्ये पुढची जागा देणं, तिच्यासमोर गाणं लावताना आवाज कमी करणं. तिला वाटायचं, किती सभ्य माणसं आहेत. आता कळलं की विधवेला देतात ते सगळं तिला आठ महिने मिळत होतं, आणि ते तिला आवडलंही होतं. हे कळल्यावर तिचे कान गरम झाले.

पाद्रींचं प्रवचन सुरू झालं. तिला त्यातलं 'पाऊस', 'रस्ता' आणि 'क्षमा' एवढंच कळत होतं. आर्सेनिओ गेला तो दिवस मंगळवार होता. मेला तसा गेला नाही, नुसता गेला. पलीकडच्या बेटावरच्या बाकोलोदची बोट सकाळी सहाची. तो जहाजाच्या कंपनीत माल मोजायचा, बाकोलोदला आठवड्यातून दोनदा जायचाच, म्हणून तिने नेहमीसारखा डबा करून दिला, भात आणि सुकी मासळी आणि एक अंडं. संध्याकाळी आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ आला, दारातच उभा राहिला, म्हणाला, वहिनी, तो तिकडेच राहणार आहे, तिथे त्याचं दुसरं घर आहे, चार वर्षं झाली. डबा त्याने परत आणला होता, धुतलेला. तो धुतलेला डबा बघून तिला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या बाईने घासला होता, आणि चांगला घासला होता, काळे डाग गेले होते तळाचे. त्यानंतर काय झालं? काहीच नाही झालं. कुणी आलं नाही. आई गेली तेव्हा नऊ रात्री घर भरलेलं होतं, शेजारणी कॉफी आणायच्या, पत्ते खेळत बसायच्या, रडायला सोबत असायची. नवरा असा गेला तर लोक रस्ता बदलतात. बाजारात समोरून आल्या की टोमॅटो निरखत बसतात. आरोग्य केंद्रावरच्या एकीने विचारलं, तुझं वजन वाढलं होतं का गं तेव्हा? चर्चमधल्या बायकांच्या मंडळाने तिला जोडप्यांच्या शिबिराला बोलावणं बंद केलं, हे एका अर्थी बरोबरच होतं. आणि तिच्या देशात घटस्फोट नाही. कायद्याने ती त्याची बायको होती, देवाच्या दरबारातही होती, एकाचं मरण येईपर्यंत. ती कामावर जात राहिली. रडायचं कुणासमोर? भिंतीसमोर रडायला तिला लाज वाटायची.

म्हणून हे झालं असेल. अर्पणाचं गाणं सुरू झालं, लोक उठले, आणि नेनिता उठता उठता रडू लागली. आधी नाकातून पाणी, मग डोळ्यांतून, मग खांदे. तिने हातरुमाल शोधला, सापडला नाही. तिया फेलिस्मिनाने आपल्या खांद्यावरच्या विणलेल्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि गात राहिली. नेनिता रडली ती आर्सेनिओसाठीच रडली, यात काही शंका नव्हती. जो बंदरावर तिच्या आईला भेटायला नवे बूट घालून आला होता आणि वाळूत एक बूट रुतला तसाच एका पायाने उभा राहून गुड मॉर्निंग म्हणाला होता, त्याच्यासाठी. जोरालिन उलटी होती पोटात, तेव्हा रात्रभर बाहेरच्या पायरीवर बसला होता, त्याच्यासाठी. खाटेवरच्या माणसासाठी तिला रडू येत नव्हतं. त्याची तिला फक्त काळजी वाटत होती, कुठल्याही रोग्याची वाटते तशी, त्याच्या टाचांना जखमा होतील म्हणून. हे दोन वेगळे पुरुष आहेत असं तिला स्पष्ट दिसलं, आणि एक खरंच गेलेला आहे. कधी गेला त्याची तारीख तिला ठाऊक नव्हती. बहुधा त्या मंगळवारच्या बऱ्याच आधी.

प्रभुभोजनाला ती उठली नाही. जिवंत नवऱ्याच्या मरणाने जीव भांड्यात पडलेल्या बाईने पवित्र भाकरीसाठी जीभ कशी पुढे करायची? बाक रिकामं झालं, लोक रांगेने गेले, परत आले, कुणी तिच्या गुडघ्याला धक्का लागू दिला नाही. शोकात असेल म्हणून समजून घेतलं असणार. हेही पुन्हा तिला फुकटच मिळालं.

बाहेर आल्यावर मात्र सगळं तिच्या हातातून गेलं. पायऱ्यांवर बायका थांबल्याच होत्या. एकेकीने पुढे होऊन तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. कुणाच्या गालाला पावडरचा वास, कुणाच्या पानसुपारीचा, एकीचे गाल ओलेच होते, ती कुणासाठी रडली होती देव जाणे. तीस-चाळीस बायका तरी असतील. नेनिता प्रत्येकीला "ओब्रिगादा", आभारी आहे, म्हणत गेली. मधेच तिला वाटलं, आता सांगावं. पण पुढचा गाल आलेला असायचा.

"आठ महिने गप्प बसलात, माना," मासळीचा धंदा करणारी जुस्तिना म्हणाली. "आम्ही म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील. काळ्यात बघितलं तेव्हाच कळलं होतं."

"मला तर पहिल्या दिवशी कळलं," तिया फेलिस्मिना म्हणाली. "चालण्यावरून."

"तुला सगळं चालण्यावरून कळतं. माझी बकरी हरवली तेव्हा कुठे गेलं होतं तुझं ज्ञान?"

"बकरी तुझ्या दिराने खाल्ली. ते मला चालण्यावरून नाही, पोटावरून कळलं. चल, फुलं आण. हिचं माणूस लांब पुरलंय. मोठ्या क्रुसाशी नेऊ या हिला. कडवी फुलं नाही झाली, गोड फुलं नाही झाली, आठ महिने ते तसंच राहिलंय."

नेनिताला ह्या रिती आता ठाऊक होत्या. माणूस गेलं की सातव्या दिवशी कडव्या फुलांचा मान, चौदाव्या दिवशी गोड फुलांचा, मग वर्षाने काळं उतरवायचं, जेवण घालायचं, नाचायचंसुद्धा. ज्यांचं थडगं लांब आहे किंवा नाहीच आहे, त्यांच्यासाठी दफनभूमीत मधोमध एक मोठा क्रूस, तिथे मेणबत्त्या लावायच्या. घरी इलोइलोतही असाच क्रूस आहे. ती म्हणाली, "तिया, आज नको." तिया फेलिस्मिना म्हणाली, "आज नको कशी, आजच." आणि दंडाला धरलं. त्या धरण्याला नाही म्हणणं नेनिताला आठ महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं. सहा जणी निघाल्या. ऊन चढलं होतं. जुस्तिनाने वाटेत बोगनवेल आणि झेंडू तोडून टोपलीत भरले. कुणीतरी मेणबत्त्यांचा पुडा घेतला, कुणीतरी नारळाच्या पानात शिजवलेल्या भाताच्या पुड्या, कारण रडून झाल्यावर भूक लागते. फोन पर्समध्ये दोनदा थरथरला. नेनिताने तो बघितला नाही. जोरालिनच असणार, रात्रपाळी संपवून.

त्या चालत होत्या आणि नेनिताच्या मनात एक वाईट विचार रुंजी घालत होता. काही बोललोच नाही तर? मेणबत्ती लावली, फुलं टाकली, वर्षाने काळं उतरवलं, जेवण घातलं. आर्सेनिओ तिकडे चौथ्या मजल्यावर आहे हे इथे कुणाला कळणार? तिने खोटं काही लिहून दिलेलं नाही. ती इथे विधवा राहील, मानाने राहील, आणि जोरालिनला काय वाटेल ते कारण देता येईल. हा विचार तिला धक्कादायकही वाटला नाही, इतका तो सोपा होता. दफनभूमीचं फाटक आलं, पांढऱ्या निळ्या फरशांची थडगी आली, त्यांच्यामधून आडव्या तिडव्या वाटेने त्या मोठ्या क्रुसाशी पोचल्या. चौथऱ्यावर मेणाचा जाड थर जमला होता, काळा, पायाला मऊ लागणारा. जुस्तिनाने जागा साफ केली. तिया फेलिस्मिनाने मेणबत्ती नेनिताच्या हातात दिली, काडी पेटवून दिली आणि म्हणाली, "नाव घे आणि लाव."

काडी जळत बोटांपर्यंत आली. नेनिताने नाव घ्यायला तोंड उघडलं. मेलेल्यासाठी लावायची मेणबत्ती जिवंत माणसाच्या नावाने लावणं म्हणजे काय, हे तिच्या आजीने तिला लहानपणी सांगितलेलं होतं, आणि इथेही ते तसंच मानतात. ते करणीपैकी आहे. तिने काडी खाली टाकली.

"तो मेलेला नाही," ती म्हणाली.

जुस्तिना टोपलीत हात घालून होती, तो तसाच राहिला.

"माझा नवरा. आर्सेनिओ. जिवंत आहे. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईकडे गेला. आता अर्धांगवायू झालाय. मी त्याला बरं वाटावं म्हणून नाव दिलं होतं, मेस्त्रेंनी मागून लिहिलं. हे कपडे असेच आहेत. स्वस्त मिळाले." तिचं तेतुम मोडकं होत चाललं होतं, पण तिने सोडलं नाही. "चर्चमध्ये नाव ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगते. आणि तुम्ही गाल लावलेत तेव्हाही बरं वाटलं, म्हणून बोलले नाही. माफ करा."

पहिली हसली ती जुस्तिना. हसू दाबायला तिने टोपली तोंडाशी नेली, मग तेही जमेना. "स्वस्त मिळाले म्हणते," ती म्हणाली. "आणि मी आठ महिने हिच्यासमोर रेडिओ बंद करतेय."

"दे ती मेणबत्ती इकडे," मागून एक लठ्ठशी बाई म्हणाली. "माझाही जिवंत आहे, त्याच्या नावाने लावते."

"गप्प बस. क्रुसासमोर असलं बोलू नये," तिया फेलिस्मिना म्हणाली. ती हसत नव्हती. ती नेनिताकडे बघत होती, आणि नेनिताला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. "मग इतकी रडलीस ती कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच," नेनिता म्हणाली. "आधीच्या."

तिया फेलिस्मिना चौथऱ्याच्या कडेला बसली. तिने आपली स्वतःची मेणबत्ती काढली, पेटवली, चिकटवली. तिचा नवरा जुआकिं इंडोनेशियाच्या फौजेने त्र्याऐंशी साली नेला होता, हे नेनिताला माहीत होतं, भिंतीवर फोटो होता. बाकी ती कधी बोलली नव्हती. आता ती बोलली, पण जणू भाताबद्दल बोलावं तसं. नेला तर कुठे नेला, कुणी सांगेना. म्हणून तिने त्याचं नाव वहीत पुढून द्यायला सुरुवात केली, प्रवाशांसाठी म्हणून. दर महिन्याला. सतरा वर्षं. तेव्हाचे मेस्त्रे म्हणायचे, तिया, आता मागून घेऊ या. ही म्हणायची, तुम्ही प्रेत दाखवा, मग मागून घ्या. चांगली मागणी आली होती एक, लाकडाचा व्यापारी होता, नको म्हटलं. रोज संध्याकाळी एक ताट जास्त. मग एके दिवशी, ती फौज देश सोडून गेल्यावर, ती स्वतः कचेरीत गेली आणि म्हणाली, घ्या मागून. "प्रेत नव्हतं, काही नव्हतं. तो मेला म्हणून नाही गेले. मी दमले म्हणून गेले. त्या दिवशी मी त्याला मारलं असं म्हटलं तरी चालेल. मग सगळ्या आल्या, रडले, वर्षभर काळं घातलं, काळं उतरवायला डुक्कर कापलं, नाचले. ह्या जुस्तिनाला विचार."

"वाईट नाचली," जुस्तिना म्हणाली.

"मेस्त्रेला सांगून तुझ्या माणसाचं नाव पुढे घ्यायला लावते," तिया फेलिस्मिना म्हणाली. "आजाऱ्यांत. ते झालंच पाहिजे, नाहीतर त्याच्या जिवाला अपाय व्हायचा आणि बोल आपल्यावर यायचा. पण तो आजाऱ्यांत आहे म्हणून तू त्याच्या उशाशी पाहिजेस असं कुठल्या पानावर लिहिलेलं नाही. जायचं तर जा, नाही तर नको जाऊस. खोलीचं भाडं मी वाढवणार नाही." मग तिने पानातला भात सोलून तिला दिला. "खा आधी. उपाशी पोटी ठरवू नये काही."

नेनिताने खाल्लं. भाताला नारळाची चव होती आणि थोडं मीठ कमी होतं. बायका आपापल्या थडग्यांकडे पांगल्या, आल्याच आहोत तर म्हणून. फुलं वाया घालवायची नव्हती, ती जुस्तिनाने सासूला घातली. नेनिता चौथऱ्याच्या सावलीत बसून राहिली. सुटले, हा शब्द तिने पुन्हा मनात म्हणून पाहिला. आता त्यात तसा धक्का नव्हता. तिला अजून वाटत होतं, की आपण जावं, कारण बत्तीस वर्षं कुणाचंही दुखणं तिने नाकारलं नव्हतं, आणि तिला हेही दिसत होतं, की ती तिथे गेली की पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, शेवटी बायकोच ती, आणि त्या वाक्यात ती जन्मभर अडकेल. तो माणूस तिच्या हातून पेज खाईल आणि तिला ती भरवताना त्याचा राग येईल, रोज, दिवसातून तीनदा. रोग्याला रागाने भरवू नये, हे ती पोरींना शिकवत होती. तिने पर्स उघडली आणि फोन लावला.

"कुठे होतीस नानाय?" जोरालिन म्हणाली. "दोनदा केला मी. बुधवारचं तिकीट बघितलंय, फक्त हो म्हण."

"मी येत नाही," नेनिता म्हणाली.

पलीकडे बस गेल्याचा आवाज आला. "म्हणजे नंतर येतेस?"

"त्याला सांभाळायला येत नाही. नाताळात तुला भेटायला येईन. लिहून घ्यायला काही आहे का?"

"नानाय, ते तुझे..."

"मला ठाऊक आहे माझे कोण ते. कागद घे."

जोरालिन रागावली होती, आणि तिचा राग खरा होता, पुढे पुष्कळ दिवस राहणार होता, नेनिताला ते दिसत होतं. मग कागदाचा आवाज आला. नेनिताने सांगायला सुरुवात केली. दर दोन तासांनी कूस बदलायची, गजर लाव. टाचांखाली उशी नको, पोटऱ्यांखाली घाल, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आडवं ठेवून काही भरवू नकोस, ठसका लागेल, पाठीला तीन उशा. पेज घट्ट हवी, पातळ श्वासनळीत जाते. उजव्या हाताची बोटं रोज सकाळ-संध्याकाळ एकेक करून उघडायची, दुखतं म्हणाला तरी. तो दुखतं म्हणेल. त्याच्याशी डाव्या बाजूने बोल. दिवसा माणूस लागेल, आमच्या खात्यातली कोरासोन निवृत्त झालीय, तिला माझं नाव सांग, तिचे हात चांगले आहेत. काकाला सांग, आळीपाळीने ये म्हणावं, त्याचा भाऊ आहे तो, नुसते निरोप पोचवण्यापुरता नाही. दाढी रोज कर. दाढी वाढली की तो चिडचिडा होतो. हे शेवटचं तिने कुठल्या पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं, आणि जोरालिनला ते कळलं असावं, कारण तिचं लिहिणं थांबलं.

"नानाय," जोरालिन म्हणाली, "तू रडतेयस का?"

"नाही," नेनिता म्हणाली. "ते सकाळी झालं. पाठीचं लिहिलंस का? पाठ कोरडी राहिली पाहिजे."